तीन फुटी टाकीसाठी फिल्टर : प्रकल्प नोंदी

२५ फेब्रुवारी २०२४, रविवार

माशांची नवी टाकी आज आईच्या खोलीत, खिडकीसमोरचे ऊन लागणार नाही अशा भिंतीपाशी लोखंडी स्टँडवर बसवली. दुकानदाराने तिला १६० लिटरची टाकी म्हटले होते आणि बाहेरच्या मापांनी, म्हणजे ९० × ४० × ४५ सेंटिमीटरने, हिशेब १६२ लिटर येतोही. परंतु काच ८ मिलिमीटर जाडीची आहे, तळाशी ५ सेंटिमीटर खडी येणार आहे आणि वर ५ सेंटिमीटर जागा मोकळी राहणार आहे, हे धरले की प्रत्यक्ष पाणी सुमारे ११९ लिटरच भरते. पुढचे सगळे हिशेब याच आकड्यावर करायचे, म्हणून तो स्टँडच्या आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवला.

टाकीत राहणार आहेत दोन ओरांडा गोल्डफिश. सध्या ते ५४ लिटरच्या दोन फुटी टाकीत, एका लहान आतल्या फिल्टरवर दिवस काढत आहेत आणि ती टाकी त्यांना उघडपणे अपुरी पडते आहे. गोल्डफिशला जठर नसते. खाल्लेले अन्न लांबलचक आतड्यातून लवकर पुढे सरकते आणि घाणही त्याच मानाने होते. त्यातच ओरांडाचे अंग गोल, डोक्यावर मांसल टोप आणि शेपटी पदरासारखी लांब असल्यामुळे त्याला प्रवाहाशी झुंजता येत नाही. त्यामुळे मोठ्या घाणीला पुरेल एवढा मोठा, तरीही पाणी संथ ठेवणारा फिल्टर हवा आहे, आणि या दोन अटी एकमेकींच्या विरोधात जातात.

३ मार्च, रविवार

तीन दुकाने पाहिली. तिन्ही ठिकाणी पहिला प्रश्न टाकी किती लिटरची हा होता आणि माशांविषयी मात्र एकाच ठिकाणी विचारले गेले. “सर, हजार एलपीएचचा घ्या, डोळे झाकून,” असा सल्ला दोन दुकानांत मिळाला. एलपीएच म्हणजे ताशी लिटर. खोक्यावर हाच आकडा सर्वांत ठळक छापलेला असतो आणि किंमतही त्याच्याच मागोमाग चढते. आत गाळण-साहित्य किती लिटर मावते, हे मात्र बहुतेक खोक्यांवर शोधूनही सापडले नाही.

माझ्या मते निवडीचा खरा निकष तोच न छापलेला आकडा आहे. फिल्टरची दृश्य कामगिरी पाणी नितळ ठेवण्याची असली, तरी मासे जगतात ते त्यातल्या स्पंजावर आणि चिनीमातीच्या कड्यांवर वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. माशांच्या कल्ल्यांतून बाहेर पडणारा अमोनिया हे सूक्ष्मजीव आधी नायट्राइटमध्ये आणि मग तुलनेने निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये बदलतात. अमोनिया किती घातक ठरेल, हे पाण्याच्या सामूवर (पीएचवर) फार अवलंबून असते. पाणी २८ अंशांचे असेल, तर सामू ७ असताना एकूण अमोनियापैकी जेमतेम ०.७ टक्के विषारी रूपात असतो. सामू ८ झाला की तोच वाटा ६.५ टक्क्यांच्या आसपास जातो. आमच्या सोसायटीत कधी खडकवासल्याचे मृदू पाणी येते, तर कधी टँकरचे जड पाणी, त्यामुळे हा फरक माझ्यासाठी पुस्तकी राहत नाही.

आता प्रकारांविषयी. खडीखालची जाळी गोल्डफिशसाठी बाद, कारण हे मासे दिवसभर खडी उकरतात. काचेवर टांगायच्या फिल्टरला टाकी आणि भिंत यांच्यात जी फट लागते ती आमच्याकडे नाही, आणि वीज जाऊन आल्यावर त्याने पाणी पुन्हा उचलले नाही तर पंप कोरडा फिरत राहण्याची भीती असते. आतल्या फिल्टरमध्ये मूठभर स्पंजापलीकडे काही मावत नाही. उरले तीन: हवेच्या पंपावर चालणारा स्पंज फिल्टर, झाकणावर बसणारा टॉप फिल्टर आणि स्टँडमध्ये ठेवायचा बंद डब्याचा कॅनिस्टर. मनातून कॅनिस्टरच हवा आहे, हे येथे प्रामाणिकपणे नोंदवतो. तो आवाज करत नाही, दिसत नाही आणि साहित्यही भरपूर सामावून घेतो.

७ मार्च, गुरुवार

देखभालीच्या कामासाठी सकाळी ९.४० ला गेलेली वीज दुपारी २.१५ ला आली. गुरुवारी वीज जाणे आमच्या भागात कोणाला नवे नाही. आई तर बुधवारी रात्रीच दळण उरकून घेते. परंतु फिल्टरच्या निवडीत ही गोष्ट मी आतापर्यंत धरलीच नव्हती, म्हणून संध्याकाळी कागद घेऊन बसलो.

दोन्ही माशांना मिळून दिवसाला सुमारे ३ ग्रॅम खाद्य पडते. पाकिटावर प्रथिने ४० टक्के लिहिली आहेत, म्हणजे १.२ ग्रॅम प्रथिने. त्यात १६ टक्के नायट्रोजन धरला तर तो ०.१९ ग्रॅम होतो आणि त्यातला निम्मा अमोनियाच्या रूपाने पाण्यात येतो असे ढोबळमानाने मानले, तर दिवसाला १०० मिलिग्रॅमच्या आसपास नायट्रोजन फिल्टरला पचवावा लागेल. १ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचे नायट्रेट होताना सुमारे ४.६ ग्रॅम प्राणवायू खर्च होतो, म्हणजे आमच्या फिल्टरला दिवसाला ४६० मिलिग्रॅम, तासाला १९ मिलिग्रॅम प्राणवायू लागणार. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून अधिक उंचीवर आहे. इथे ३० अंशांच्या पाण्यात फार तर लिटरला ७ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. कॅनिस्टरच्या डब्यात ६ लिटर पाणी कोंडले गेले, तर त्यात ४२ मिलिग्रॅम प्राणवायू असेल, म्हणजे दोन तासांची शिदोरी.

पाणी थांबले की अमोनियाचा पुरवठाही थांबतो, त्यामुळे प्रत्यक्षात हा वेग उतरेल. उलट साठलेला गाळ कुजवणारे इतर जिवाणू या हिशेबात घेतलेलेच नाहीत आणि ते मात्र खात राहतात. दोन्हींचा मेळ कुठे बसेल हे कागदावर ठरणार नाही. तरी साडेचार तासांत बंद डब्यात काय होत असेल याची कल्पना त्यावरून येते. ज्या मित्राकडे कॅनिस्टर आहे त्याला फोन केला, तर त्याने मागच्या उन्हाळ्यातली हकिगत सांगितली: सकाळभर वीज नव्हती, ती आल्यावर फिल्टर आपोआप सुरू झाला आणि पाठोपाठ खोलीभर सडक्या अंड्यांचा वास सुटला. “अरे, आधी डबा उघडून विसळायचा असतो, हे मला तेव्हा कोण सांगणार?” तो म्हणाला. गुरुवारी दुपारी आमच्याकडे घरी आई एकटीच असते, आणि सहा लिटरचा भरलेला डबा उचलून मोरीत नेण्याचे काम तिच्यावर सोपवणे मला मान्य नाही.

१० मार्च, रविवार

मित्राच्या घरी जाऊन त्याच्या कॅनिस्टरचा प्रवाह मोजला. त्यावर ताशी १००० लिटर असे छापलेले आहे. मोजताना एक काळजी घ्यावी लागते: पाणी परत सोडणाऱ्या नळीचे तोंड टाकीतल्या पाण्याच्या पातळीलाच धरावे लागते, कारण ते खाली जमिनीवरच्या बादलीत सोडले तर गुरुत्वाकर्षण मदतीला येते आणि आकडा फुगतो. म्हणून बादली उंच स्टुलावर ठेवली, मित्राने नळी धरली आणि मी मोबाइलवर वेळ लावली. १० लिटरची खूण गाठायला तीन वेळा ६१, ६२ आणि ६३ सेकंद लागले. सरासरीने ताशी ५८१ लिटर. फिल्टर दोन महिन्यांपूर्वी धुतलेला होता. खोक्यावरचा आकडा बहुधा आत काहीही साहित्य नसताना आणि पाणी वर चढवावे लागत नसताना मोजलेला असतो, त्यामुळे यात कोणी फसवले असे म्हणता येत नाही. मात्र त्या आकड्याला टाकीच्या लिटरांनी भागून समाधान मानणे व्यर्थ आहे, एवढे आज डोळ्यांनी पाहिले.

१७ मार्च, रविवार

निर्णय झाला. मुख्य कामाला लांब पेटीचा टॉप फिल्टर आणि जोडीला एक मोठा स्पंज फिल्टर, ज्याचा हवेचा पंप इन्व्हर्टरवर चालेल. पंप ५ वॅटचा आहे, त्यामुळे इन्व्हर्टरला तो जाणवणारही नाही. टॉप फिल्टरची पेटी वरून उघडी असते. वीज गेली की पाणी निथळून जाते आणि कड्या ओल्या राहून हवेत उघड्या पडतात, त्यामुळे जिवाणूंना प्राणवायू मिळत राहतो. ज्या उघडेपणामुळे हा फिल्टर स्वस्तातला आणि गावठी समजला जातो, तोच आम्हाला उपयोगी पडणार आहे. दोन्हींची मिळून किंमत कॅनिस्टरच्या निम्म्याहून कमी भरली, पण त्यामुळे निवड बदलली असे नाही.

पेटीबरोबर आलेली मांडणी मात्र मी बदलली. तिच्यात सर्वांत आधी पांढरा कापूस होता, जो गोल्डफिशच्या घाणीने चार दिवसांत चोंदला असता. आता पाणी आधी जाड छिद्रांच्या स्पंजातून, मग बारीक स्पंजातून आणि शेवटी चिनीमातीच्या कड्यांवरून जाईल, म्हणजे गाळ अलीकडेच अडेल आणि कड्यांची छिद्रे मोकळी राहतील. कोळशाची पिशवी काढून ठेवली. पाण्यातून औषध काढायचे असेल तेव्हा तिचा उपयोग होईल, एरवी ती फक्त जागा अडवते.

२४ मार्च, रविवार

होळीच्या दिवशी टाकी भरली. नळाचे पाणी क्लोरीन काढणारे थेंब घालून घेतले. जुन्या टाकीतल्या फिल्टरचा अर्धा स्पंज कापून नव्या पेटीत ठेवला आणि तपकिरी गाळ कड्यांवर पिळला. उरलेला अर्धा माशांसाठी जिथे होता तिथेच राहू दिला.

मासे न सोडता जिवाणूंना खाद्य द्यायचे, तर अमोनिया बाहेरून घालावा लागतो. त्यासाठी अमोनियम क्लोराइड म्हणजे आपला नवसागर वापरला. कल्हईवाल्याकडचा नवसागर चालेल का, असे आईने विचारले आणि कल्पना मोहक होती. पण त्यात आणखी कोणते धातू असतील याची खात्री नसल्यामुळे प्रयोगशाळेसाठी मिळणारा शुद्ध नवसागर आणला. ११९ लिटरमध्ये लिटरला २ मिलिग्रॅम अमोनिया व्हावा, यासाठी ०.७५ ग्रॅम लागतो. तो दागिने तोलायच्या छोट्या काट्यावर मोजला. नखावर मावेल एवढीच ती पांढरी भुकटी होती.

फिल्टरच्या परतीच्या भोकांखाली टब धरून प्रवाह मोजला: १० लिटरला ५६ सेकंद, ताशी ६४३ लिटर. यावर हे पाणी तासाला साधारण साडेपाच वेळा फिरेल.

९ एप्रिल, मंगळवार

गुढीपाडवा. गुढी उभारून झाल्यावर पाण्याच्या चाचण्या केल्या. आतापर्यंत नवसागराच्या तीन मात्रा झाल्या: २४ मार्च, २ एप्रिल आणि ७ एप्रिल. अमोनिया शून्यावर आला आहे, पण नायट्राइटचा जांभळा रंग पट्टीवरच्या शेवटच्या, म्हणजे ५ मिलिग्रॅमच्या घरापेक्षाही गडद आहे. हे अपेक्षितच होते, कारण दुसऱ्या टप्प्याचे जिवाणू सावकाश जमतात. जुन्या मार्गदर्शक पुस्तकांत हे काम नायट्रोबॅक्टर करतो असे लिहिलेले असे. १९९८ साली टिमोथी होव्हानेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या मत्स्यालयांत हे काम नायट्रोस्पायरा गटातले जिवाणू करतात असे दाखवले. पुढे २०१५ साली तर अमोनियापासून थेट नायट्रेटपर्यंतची मजल एकट्याने मारणारे नायट्रोस्पायरा सापडले.

अनपेक्षित गोष्ट वेगळीच निघाली. सामू ७.६ वरून ६.६ वर उतरला आहे आणि कार्बोनेट कठीणपणा, म्हणजे आम्ल झेलणाऱ्या क्षाराचे माप, ३ अंशांवरून १ वर आला आहे. अमोनिया पचताना आम्ल तयार होते आणि ते पाण्यातला क्षार खाते: १ मिलिग्रॅम नायट्रोजनमागे ७.१४ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटएवढा. तीन मात्रांचा हिशेब केला, तर जवळपास २ अंशांची घट येते आणि नेमकी तेवढीच झाली आहे. खडकवासल्याचे पाणी या दिवसांत इतके मृदू आहे की, असेच चालू राहिले तर सामू घसरून जिवाणूंचे कामच मंदावेल आणि दोष मात्र फिल्टरवर येईल. खाण्याचा सोडा १०.७ ग्रॅम, तीन भागांत, दीड दिवसात विरघळवून घालायचे ठरवले. त्याने कठीणपणा ३ अंशांनी वाढायला हवा.

१८ एप्रिल, गुरुवार

आज सगळी योजना कसाला लागली आणि तीत माझी चूक सापडली. सकाळी १० ला वीज गेली. सव्वा तासाने आईचा फोन आला की टाकीखाली पाणी साचते आहे. हवेचा पंप मी ज्या प्लगला लावला होता, तो इन्व्हर्टरच्या लाइनवर नव्हताच, शेजारचा होता. पंप बंद पडला आणि तो स्टँडच्या खालच्या फळीवर, म्हणजे पाण्याच्या पातळीच्या खाली असल्यामुळे हवेच्या नळीतून पाणी उलटे वाहू लागले. आईने नळी पाण्यातून उपसून बाहेर काढली आणि जुनी साडी जमिनीवर अंथरली, त्यामुळे नुकसान अर्ध्या बादलीवर थांबले. टाकीत अजून मासे नव्हते, हे नशीब.

वीस रुपयांचा एकदिशा व्हॉल्व्ह नळीत असता, तर हे झाले नसते. संध्याकाळी तो आणून बसवला आणि आधी तोंडाने फुंकून कोणत्या बाजूने हवा जाते हे तपासले, कारण तो उलटा बसला तर फिल्टरच बंद होतो. शिवाय पंप वरच्या फळीवर, पाण्याच्या पातळीच्या वर नेला, आणि इन्व्हर्टरच्या प्लगवर लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला. भिजलेला पंप दुपारच्या उन्हात वाळला आणि पुन्हा चालू झाला.

टॉप फिल्टर मात्र वीज येताच काही न करता सुरू झाला. पेटीला नाक लावून पाहिले. ओल्या मातीसारखा वास होता, सडका मुळीच नाही.

२१ एप्रिल, रविवार

१९ तारखेला संध्याकाळी सहाला पाचवी मात्रा घातली होती. काल त्याच वेळी अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. नायट्रेट ४० च्या घरात आहे, आणि पाच मात्रांमधून घातलेल्या अमोनियाचे पूर्ण नायट्रेट झाले तर ते ३६ यायला हवे, म्हणजे हिशेब जुळतो. आज दोनतृतीयांश पाणी बदलून मासे सोडले.

२८ एप्रिल, रविवार

पाण्याचे तापमान दुपारी ३१ अंशांवर जाते आहे. चाचण्यांत दोष नाही, पण लहान ओरांडा दिवसभर डाव्या कोपऱ्यात उभा असतो. टॉप फिल्टरची धार एका जागी पडते आणि तिथून तळापर्यंत ओढ तयार होते. खाद्याचा एक दाणा टाकून पाहिला, तर तो चार सेकंदांत टाकीच्या दुसऱ्या टोकाला पोहोचला. शिवाय धार ६ सेंटिमीटरवरून पडत असल्यामुळे रात्री आवाज येतो आणि आईने त्याबद्दल दोनदा, अगदी सौम्यपणे, विचारले आहे.

परतीच्या भोकांखाली जाड छिद्रांच्या स्पंजाची एक पट्टी दोऱ्याने अशी बांधली की तिचे खालचे टोक पाण्यात बुडेल. पाणी आता पट्टीवरून ओघळत उतरते. तोच दाणा आता अकरा सेकंद घेतो आणि आवाज दाराबाहेर ऐकू येत नाही. पृष्ठभागावरची थरथर मात्र राहू दिली आहे, कारण या उष्णतेत प्राणवायू तिथूनच आत येतो. तासाभराने लहान ओरांडा मधल्या भागात खडी उकरताना दिसला.

१२ मे, रविवार

प्रवाह पुन्हा मोजला: १० लिटरला ८८ सेकंद, ताशी ४०९ लिटर. मासे सोडल्याला तीन आठवडे झाले आणि २४ मार्चच्या मानाने एकतृतीयांशाहून जास्त घट. जाड स्पंज काढून टाकीतल्याच पाण्याच्या बादलीत पिळला. नळाखाली धुतला असता तर क्लोरीनने सात आठवड्यांची कमाई धुऊन गेली असती. बारीक स्पंज नुसता हलवला, कड्यांना हात लावला नाही. पेटी उघडण्यापासून झाकण बसवण्यापर्यंत बारा मिनिटे लागली. बादलीतले काळे पाणी आईने गच्चीवरच्या कढीपत्त्याला घातले. प्रवाह मोजून पाहिला: ताशी ६२० लिटर.

३० मे, गुरुवार

सकाळी ९.१५ ते दुपारी १.५० वीज नव्हती. मी कार्यालयात होतो. आईने कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवले आहे: “बुडबुडे चालू. जमीन कोरडी. मासे खाली.” संध्याकाळी अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, सामू ७.४. यापुढे जाड स्पंज दर तीन आठवड्यांनी रविवारी पिळायचा आहे. बाष्पीभवनाने आठवड्याला आठेक लिटर पाणी कमी होते, तेवढे बुधवारी भरायचे आहे. जुन्या टाकीतला उरलेला अर्धा स्पंज आता टॉप फिल्टरच्या पेटीत एका कोपऱ्यात ठेवला आहे, म्हणजे एखादा मासा आजारी पडून वेगळा ठेवावा लागला तर त्या टाकीसाठी तो तयार असेल.